तेवीस बोल्टांचे चेहरे

आलेखावरचा ठिपका हा ठिपकाच असावा, त्याला नाकडोळे फुटू नयेत, असे थोरल्या बाईंचे स्पष्ट मत होते. सदतीस वर्षे त्यांनी पुलांच्या तपासणीचे अहवाल काढले होते. आधी यजमानांच्या जोडीने आणि यजमान गेल्यावर एकटीच्या हिमतीवर. कागदावर एक आडवी रेघ, एक उभी रेघ, मध्ये काळे ठिपके आणि धोक्याच्या मर्यादेची तांबडी रेघ. ठिपका तांबड्या रेघेच्या आत असला तर लोकांनी निर्धास्तपणे पूल ओलांडावा, बाहेर गेला तर तो बोल्ट बदलावा. एवढेही ज्याला कळत नाही त्याने पुलाच्या वाटेला न जाता नदी पोहून जावी, असे त्या म्हणत.

म्हणून सुनेने ठिपक्यांच्या जागी फोटो लावायचा घाट घातला, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि विचारले, की हा अहवाल आहे की लग्नाचा अल्बम?

सूनही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने शांतपणे आठवण करून दिली, की गेल्या वर्षी पालिकेच्या बैठकीत एका सभासदाने आलेख पाहून ‘या मुंग्या कसल्या’ असे विचारले होते. ठिपक्यातून गंज दिसत नाही. ठिपक्याच्या जागी तो बोल्टच दिसला, तर ज्याला आकड्यांचे वावडे आहे त्यालाही कोणता बोल्ट निरोगी आणि कोणता म्हातारा हे एका नजरेत उमगेल. तिने शहाण्णव फोटो एकेक करून गोल कापले होते, मागची पार्श्वभूमी पुसली होती आणि प्रत्येकाचा आकार अंगठ्याच्या नखाएवढा केला होता. फोटोचा मध्य नेमका ठिपक्यावर यावा म्हणून दोन दिवस डोळे फोडले होते. कारण कोपरा धरून फोटो लावला की बोल्ट उगाच वर सरकतो आणि निर्दोष असून तांबड्या रेघेपलीकडे जाऊन बसतो. हे शेवटचे ऐकून बाई किंचित नरमल्या. काटेकोरपणाची त्यांना कदर होती, मग तो खुळचट कामातला का असेना.

पूल झुलता होता, फक्त पायी चालणाऱ्यांचा. एका काठाला कारखाना, दुसऱ्या काठाला शाळा आणि वस्ती. दोन्हीकडच्या जाड दोरांना लोखंडी दांड्या लोंबत होत्या आणि त्या दांड्यांनी पायवाट तोलून धरली होती. प्रत्येक दांडी जिथे पायवाटेखालच्या तुळईला मिळते तिथे एक बोल्ट. असे एकंदर शहाण्णव. वर्षातून एकदा माणसाने कमरेला पट्टा बांधून पायवाटेच्या खालून लोंबकळत जायचे, प्रत्येक बोल्टाची झीज मापायची, गंज किती खोल गेला ते बघायचे, फोटो काढायचा आणि तक्त्यातला त्या बोल्टाचा चौकोन भरायचा. झीज आडव्या रेघेवर, गंजाची खोली उभ्या रेघेवर. दोन्ही जिथे भेटतील तिथे ठिपका.

हे खाली लोंबकळायचे काम गेली तीस वर्षे बाईंचा धाकटा भाऊ करत होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि बाई चौदा वर्षांच्या. त्याला न्हाऊमाखू घालून, धपाटे घालून, शिकवून त्यांनीच मोठा केला होता. लहानपणी तो मिळेल त्या खांबावर चढायचा, म्हणून त्याचे नाव खारू पडले ते अठ्ठावन्नाव्या वर्षीही चालू होते. खारूच्या कामाबद्दल बाईंपुढे कोणी ब्र काढायची सोय नव्हती.

ऑफिसचा एक नियम मात्र भावालाही चुकलेला नव्हता. रिकामा चौकोन घेऊन या दारात कोणी पाऊल टाकायचे नाही. वारा होता, हात गारठले, पट्टा अडकला, असली रडगाणी बाईंना खपत नसत. एकदा एका चौकोनासाठी त्यांनी एका जवान कामगाराला भर थंडीत परत पुलाखाली पाठवले होते आणि तो भरून आणल्यावरच त्याला गरम चहा दिला होता. ही गोष्ट त्या अभिमानाने सांगत.

त्या दिवशी अहवाल चार वाजता पालिकेत द्यायचा होता. एक वाजता सुनेने मोठ्या पडद्यावर आलेख लावला आणि बाईंना खुर्ची दिली.

पांढऱ्या पडद्यावर शहाण्णव बोल्ट विखुरले होते. डावीकडे खाली तजेलदार, राखाडी. उजवीकडे वर जाता जाता तपकिरी, खवले निघालेले, आणि सगळे तांबड्या रेघेच्या आत. बाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि शेवटी “हं” म्हणाल्या. त्या ऑफिसात बाईंचा ‘हं’ म्हणजे सुवर्णपदक होते. सुनेने ते मनातल्या मनात गळ्यात घालून घेतले.

मग बाई पुढे झुकल्या.

“हा मोठा कर,” त्यांनी पडद्याच्या मध्यावर बोट ठेवले.

सुनेने मोठा केला. तो एक्केचाळीस नंबरचा बोल्ट होता. त्याच्या डोक्याच्या एका कडेला टवका उडालेला होता आणि टवक्याखालून पिवळ्या रंगाचा एक ओघळ उतरला होता, जुन्या रंगकामातला.

“आता हा.”

हा बावन्न नंबरचा, पहिल्यापासून वीतभर अंतरावर. त्याच्याही डोक्याच्या कडेला टवका होता, फक्त उलट बाजूला. पिवळा ओघळ होता, पण खालून वर चढत होता.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रंगाचा ओघळ खालून वर चढलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

पहिला तडाखा साहजिकच सुनेला बसला. उचलला फोटो आणि चिकटवला कुठेही, नंबराशी ताळमेळ ठेवायला नको, दोन दिवस नुसती चित्रे रंगवत बसायचे, आणि चार वाजता आपण काय हे मुंग्यांऐवजी माकडे म्हणून दाखवायचे? बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला की अडवायला कोणी धजत नसे. सून मान खाली घालून ऐकत होती, पण हात चालू होते. तिने मूळ फोटोंची यादी उघडली, एकेक नंबर जुळवला आणि बाईंचा श्वास संपण्याची वाट पाहिली.

“आई, चित्रं मी लावली, हे खरंय,” ती म्हणाली. “पण एक्केचाळीस आणि बावन्न हे दोन वेगळे फोटो मामांच्या कॅमेऱ्यातूनच आलेत. कुणीतरी एकच बोल्ट दोनदा काढलाय. दुसऱ्यांदा कॅमेरा उलटा धरून.”

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग दोघींनी मिळून ते काम केले जे ठिपक्यांच्या आलेखावर कोणी कधीच करू शकले नसते. एकेका बोल्टाचा चेहरा ओळखायचा आणि त्याचा जुळा शोधायचा. अठ्ठेचाळीसचा जुळा सापडला. पंचावन्नला तर दोन भावंडे निघाली. अर्ध्या तासात हिशेब समोर आला: सदतीस ते एकोणसाठ, म्हणजे पुलाच्या मधले, खोल पाण्यावरचे तेवीस बोल्ट तक्त्यात होते, आलेखात होते, पण फोटोत त्यांतला एकही नव्हता. काठाजवळचे सहा बोल्ट वेगवेगळ्या बाजूंनी, कधी उलटे, कधी तिरपे, त्या तेविसांची सोंगे घेऊन बसले होते.

आकडे कसे सुरेख दिले होते! ठिपके होते तोवर कोणाला संशयही आला नसता. प्रत्येक बोल्टाला त्याच्या वयाला शोभेल एवढी झीज, एवढा गंज. हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले आहेत हे बाईंना बोटे दुखू लागल्यावर कळले.

“मामांना बोलवू?” सुनेने विचारले. बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

खारू पलीकडच्या खोलीत जेवणाचा डबा धूत होता. ओले हात पँटला पुसत तो आला, पडदा पाहून “वा, झकास जमलंय की” म्हणाला आणि सुनेच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. तो हात अर्ध्यावरच राहिला. पडद्यावर एकच पिवळा ओघळ दोन ठिकाणी दिसत होता.

“एक्केचाळीस नंबर ओळख,” बाई म्हणाल्या.

खारूने पडद्याकडे पाहिले नाही. बहिणीकडे पाहिले.

“तो बारा आहे, ताई.”

पुढचे त्याने उभ्यानेच सांगितले, अडखळत, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. पुलाच्या मध्यावर गेला असताना एके दिवशी अचानक डोके गरगरले. खालचे पाणी वर येते आहे असे वाटू लागले. दांडीला मिठी मारून, डोळे मिटून तो अर्धा तास तसाच लटकला आणि मग इंचाइंचाने काठाला आला. आला तेव्हा तक्त्यात तेवीस चौकोन रिकामे होते.

“तेवीस रिकामे चौकोन घेऊन तुझ्यापुढं उभं राहायचं, ताई, त्यापेक्षा पाण्यात पडलेलं परवडलं असतं.”

बाईंना वाटले, हा भाऊ आपल्याला घाबरतो हे आपल्याला ठाऊक होते. कामगार घाबरतात हेही ठाऊक होते. किंबहुना त्यावरच तर हे ऑफिस चालले होते. पण मरणापेक्षा आपली भीती मोठी वाटावी, इतके आपण कोणाला घाबरवले आहे हे आजवर कोणी सांगितले नव्हते.

“गेल्या आठवड्यातली गोष्ट ना ही?” त्यांनी विचारले. “या खेपेची?”

खारूने हात पुन्हा पँटला पुसले.

“खारू, कधीपासून?”

“तीन वर्षं झाली.”

खोलीत पंखा फिरत होता आणि त्याखाली अहवालाची पाने फडफडत होती. सुनेने त्यांवर हात ठेवला. तीन वर्षे. तीन अहवाल, तिन्हींच्या शेवटच्या पानावर बाईंची सही, ‘प्रत्येक बोल्ट प्रत्यक्ष तपासला आहे’ या वाक्याखाली. पुलाचे ते मधले तेवीस बोल्ट तीन वर्षांत माणसाच्या डोळ्याने पाहिलेलेच नव्हते. वरून रोज हजारभर माणसे जात होती. कारखाना साडेचारला सुटतो, शाळाही त्याच सुमारास; त्या वेळी दोन्हीकडून एकदम गर्दी होते आणि पूल पाळण्यासारखा हलतो. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटे झाली होती.

बाईंनी पालिकेच्या इंजिनिअरला फोन लावला. हा गृहस्थ भला होता, बाईंना मानणारा. त्याने सगळे ऐकून घेतले आणि आवाज उतरवून बोलू लागला. पूल असा फोनवरून बंद होत नाही, त्याला आदेश लागतो, आदेशाला पत्र लागते, आणि पत्र सोमवारशिवाय पुढे सरकणार नाही. आणि बाईंनी आत्ता जे सांगितले ते आपण ऐकलेलेच नाही. सोमवारी दोन पोरे मध्यावर उतरवा, तेवीस फोटो खरे काढा, पाने बदला, अहवाल मंगळवारी द्या. तीन वर्षे धकले, तीन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? ऑफिस वाचेल, भाऊ वाचेल, कोणाच्या कानाला खबर लागणार नाही.

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावायचे कोणी आणि कोणाला? बाईंनी फोन कानाला तसाच धरून भावाकडे पाहिले. तो भिंतीला टेकून उभा होता, नजर जमिनीवर, लहानपणी भांडे फोडल्यावर उभा राहायचा अगदी तसा. त्या वेळी त्या त्याला आधी पाठीशी घालीत आणि घरी कोणी नसताना धपाटा देत.

“साहेब,” त्या फोनवर म्हणाल्या, “तुम्ही ऐकलं नसेल, पण मी बोलले आहे. पूल मी बंद करते. तुम्ही आदेश घेऊन या.”

फोन ठेवून त्यांनी सुनेला गाडी काढायला सांगितली आणि आपण बसलेली खुर्ची उचलून खारूच्या हातात दिली.

पुलाच्या कारखान्याकडच्या तोंडाशी त्या खुर्ची मांडून बसल्या, चालायची काठी आडवी मांडीवर. गाडी सुनेला आणि खारूला घेऊन दूरच्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून पलीकडच्या काठाला निघाली. तिकडे पोहोचायला चाळीस मिनिटे लागणार होती.

सायकलवाला एक कामगार पहिला आला. त्याने अदबीने सांगितले, की आजी, खुर्ची जरा बाजूला घ्या, वाट अडतेय.

“पूल बंद आहे.”

“कुणी केला?”

“मी.”

त्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “तुम्ही कोण म्हणायच्या?”

“या पुलाच्या कागदावर ज्या बाईची सही आहे ना, ती. सायकल फिरव.”

त्याने फिरवली नाही, पण पुढेही आला नाही. त्याच्यामागे दुसरा आला, मग चारजण. कोणी हसले, कोणी म्हणाले म्हातारीचे डोके फिरले, कोणी विचारले की आता घरी काय उडत जायचे. बाईंनी कोणाला उत्तर दिले नाही. त्यांचे लक्ष पाठीमागे होते. कारण या बाजूने जाणारे थांबले, तरी त्या बाजूने येणारे थांबले नव्हते. खुर्चीचे पाय पुलाच्या पहिल्या फळीवर टेकले होते आणि चालणाऱ्याची प्रत्येक थरथर त्यांच्या टाचांतून वर चढत होती. एक माणूस म्हणजे एक बारीक कंप. दोघे म्हणजे दोन. एक बाई बाबागाडी ढकलत आली तेव्हा चाकांची खडखड मध्यावर असताना बाईंनी श्वास रोखून धरला आणि ती शेजारून निघून जाईपर्यंत सोडला नाही. गेली तीन वर्षे याच पुलावर त्या स्वतःही असंख्य वेळा चालल्या होत्या, हे त्यांना तेव्हा आठवले.

एक्कावन्न माणसे त्यांच्या बाजूने उतरली. मग सुनेचा फोन आला: आम्ही पोहोचलो, मामा पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभे आहेत, कुणालाही येऊ देत नाहीत. त्यानंतर पायांखालचा कंप हळूहळू विरला आणि पूल रिकामा झाला. कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा या काठावर दोनशे माणसे दाटली होती आणि बाईंच्या पाठीमागे पुलावर एकही पाऊल नव्हते.

इंजिनिअर आला तो चिडून लालेलाल झालेला. चार माणसांत झाले होते ते आता चारशे माणसांत झाले होते. आता ‘ऐकले नाही’ म्हणायची सोय उरली नव्हती. आदेश त्याने पुलाच्या कठड्यावर कागद ठेवूनच लिहिला. अग्निशमन दलाची नाव आली, वर पट्टे बांधलेले दोन तरुण आले, सुनेने पलीकडचे तोंड त्यांच्या माणसांच्या हवाली केले आणि ती खारूला घेऊन परतली.

तरुण मध्यावर उतरले. एकेका बोल्टाचा फोटो इंजिनिअरच्या मोबाइलवर येऊ लागला. सदतीस ठीक. अडतीस ठीक. चाळिशी ओलांडली तशी इंजिनिअरच्या कपाळावरची एकेक आठी कमी होऊ लागली. बाईंच्याही मनाने उगाच उभारी धरली. सेहेचाळीस आला आणि इंजिनिअरने मोबाइल बाईंपुढे धरला.

बोल्टाच्या मानेभोवती केसासारखी एक काळी रेघ अर्ध्यापर्यंत गेली होती.

अर्धा बोल्ट तुटला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर बाबागाडी गेली होती.

इंजिनिअरने घसा साफ केला. तो खरोखरच भला माणूस होता. “भेगेचं काय सांगावं,” तो खारूकडे वळून म्हणाला, “ताजीही असू शकते. कालपरवा पडलेली. तशी असली तर मग कुणी तपासून तरी काय उपयोग होता? तुम्ही अनुभवी आहात. तुम्हीच सांगा, कधीची वाटते?”

बाईंना त्यातला अर्थ कळला. सुनेलाही कळला. खारूने एक शब्द उच्चारला, ‘ताजी’ एवढाच, तर तीन वर्षे धुतली जाणार होती. त्याचा शब्द खोडून काढेल असा दुसरा जाणकार या गावात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी भावाला काय बोलायचे ते सांगितले नाही.

खारूने मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी त्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

“ताजी भेग आतून चकाकते,” तो म्हणाला. “नव्या चमच्यासारखी. ही आतून काळी आहे, आणि कडांना गंजाची साय धरली आहे. इतकी जाड साय दोन पावसाळ्यांशिवाय धरत नाही.” तो थांबला. “ही मागच्या वर्षीही होती, साहेब. मी खाली गेलो असतो तर दिसली असती. आंधळ्यालाही बोटाला लागली असती.”

मागे कोणीतरी पूल कधी उघडणार म्हणून ओरडून विचारत होते.

बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी भावाला दंडाला धरून तिथे बसवले.

“बोलला तसं लिहून घ्या,” त्या इंजिनिअरला म्हणाल्या.